सात कोटी गाठी, ओळीला चार कमी

"चार गाठी उरत्यात गं, चार! त्या काय तुझा बाप येऊन मारनार हाय?"

"बाप कशाला, मीच मारते की! चार गाठी म्हंजे चहाचा एक घोट. तेवढ्यापायी एजे, तुमी आख्खी सून भायेर बसीवलीया."

"आज तू मारशील. उद्या तुझं बोट सुजलं की? आनि तुझ्या चार गाठी होस्तवर बाकीच्या एकवीस जनींनी काय माशा मारायच्या? बावीस बसत न्हाईत म्हंजे न्हाईत. आकडाच तसा हाय, त्याला मी काय करू?"

हे सगळं चाललं होतं मागावर बसल्या बसल्या, हात न थांबवता. 'आकडाच तसा हाय' म्हणणारी ओगुलगेरेक. मुर्गाब नदीच्या कालव्याकाठी जी गालिच्यांची लांबलचक शेड आहे, तिथली ती मुकादमीण. सगळ्या बाया तिला एजे म्हणायच्या, म्हणजे आई. उलट बोलणारी अक्नाबात. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण बोटं अशी की गाठ कधी मारली आणि सुरीनं लोकर कधी कापली ते बघणाऱ्याला कळू नये; म्हणून तिचं बोलणं खपून जायचं.

आणि 'आख्खी सून' म्हणजे मायसा. ओगुलगेरेकच्या एकुलत्या एका पोराची, ओराझची बायको. ती दारातच कढईपाशी लोकर धूत बसली होती. सगळं ऐकत होती, बोलत नव्हती. डोक्याच्या रुमालाचं टोक तिनं दातात धरलं होतं. यशमक म्हणतात त्याला. सासू आपल्या हातानं ते टोक सोडवत नाही तोवर सुनेनं सासूपुढं चकार शब्द काढायचा नाही. मायसाला सासरी येऊन वर्ष उलटलं, पण यशमक काही सुटला नव्हता. सोडवायचा तो ओगुलगेरेकनं, आणि तिचे हात सदा गाठींत गुंतलेले.

तर तो माग. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, सोळा मीटरांच्या वर रुंद. शहरात नवं नाट्यगृह होत होतं, त्याच्या मोठ्या दालनासाठी एकच एक गालिचा. एका ओळीत दहा हजार ऐंशी गाठी, आणि खालपासून वरपर्यंत अशा सात हजार पाचशे साठ ओळी. गुणाकार केला की सात कोटी बासष्ट लाख चार हजार आठशे. हा आकडा ओगुलगेरेक लग्नात सांगायची, बाळंतविड्याला सांगायची, आणि मयतीला गेली तरी निदान जेवणं उरकेपर्यंत कशीबशी दम धरायची.

"मोठा आकडा कुनी बी घेईल," ती म्हणायची. "मोठेपनाचं काय कौतिक? उंट बी मोठा असतोय. आकडा फुटाय पायजे. पायजे तिथं, पायजे तसा, चुरा न सांडता."

हे वेड तिला लहानपणापासूनचं. सहा पोरींच्या पाठीवर ही सातवी झाली, तेव्हा बापानं कपाळाला हात लावला आणि नाव ठेवलं ओगुलगेरेक. म्हणजे 'मुलगा हवा'. देवानं हाक ऐकली आणि पुढच्याच खेपेला मुलगा दिला. गाव म्हणालं, पोरगी चांगल्या पायगुणाची. आईबापाला आनंद वंशाचा. हिला आनंद वेगळाच. घरात भाकरी मोडून वाटायचं काम हिच्याकडं होतं. सात जणींत एक भाकरी कशीही मोडा, कुणाच्या तरी वाट्याला कड जास्त जायची आणि झिंज्या उपटायची वेळ यायची. भाऊ दात येऊन खायला लागला तशी आठ तोंडं झाली. मधोमध मोडा, पुन्हा मोडा, पुन्हा मोडा. आठ तुकडे, सारखे, भांडण खलास. सात हा आडमुठा आणि आठ हा समजूतदार, हे तिला अक्षरओळख व्हायच्या आत समजलं होतं.

पुढं लग्न झालं. नवरा लढाईवर गेला तो परत आला नाही. ओराझ तेव्हा पोटात होता. रडायला सवड नव्हती. ती शेडमध्ये येऊन मागावर बसली. तेव्हाचा मुकादम मोठ्या मागाला ओळीत दहा हजार गाठी धरायचा. दहा हजार दिसायला कसा गोंडस आकडा, नुसती शून्यं. पण तिनानं भागायला गेलं की एक उरतो, सातानं गेलं की चार उरतात. मोठ्या मागावर ओळ सगळ्यांची एकदम संपावी लागते. मगच आडवा बाणा घालायचा आणि लोखंडी फणीनं ठोकायचं. एकीच्या वाट्याला दोन गाठी जास्त आल्या तरी बाकीच्या तिच्या तोंडाकडं बघत बसणार. रोज तेच, मग बोलाचाली, मग त्याच फण्या एकमेकींच्या अंगावर. बाया काही लोखंडाच्या नसतात. कुणाचं बाळंतपण येतं, कुणाला नवरा न्यायला येतो, कापसाच्या दिवसांत चौघी शेतावर जातात. आज अठ्ठावीस आहेत त्या उद्या चोवीस.

ओगुलगेरेक मुकादमीण झाली तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते दहा हजाराला रजा देण्याचं. ऐंशी वर घातले. बस. नुसते ऐंशी. आणि तो मुखदुर्बळ आकडा एकदम गावजेवण घातल्यासारखा सगळ्यांना दार उघडून उभा राहिला. अठ्ठावीस जणी असल्या तर प्रत्येकीला तीनशे साठ. चोवीस उरल्या तर चारशे वीस. एकवीस उरल्या तर चारशे ऐंशी, वीस उरल्या तर पाचशे चार. एकापासून दहापर्यंत ज्यानं भागाल त्यानं जातो. ओराझ आता कालव्याच्या कचेरीत पातळ्या मोजायला होता आणि कानाला सदा पेन्सिल. त्यानं मोजून सांगितलं की दहा हजार ऐंशीला एकूण बहात्तर आकड्यांनी नेमका भाग जातो. शाळेत असताना त्यानंच शोधलं होतं की आठवड्याची मिनिटंसुद्धा तेवढीच.

"म्हंजे देवानं आठवडा लावला तवा त्यानं बी हाच आकडा धरला," ओगुलगेरेक म्हणाली होती. "मानूस शहाणा हाय."

आख्ख्या गालिच्याच्या आकड्याला तर चारशे शहाऐंशी दारं. शिवाय ओराझनं आणखी एक गंमत काढून दिली होती. त्या सात कोटींचे तीन सारखे वाटे केले तर प्रत्येक वाट्याचा एक चौरस गालिचा होतो, चारी बाजूंना पाच हजार चाळीस गाठी, एक उरणार नाही की एक कमी पडणार नाही. हे ऐकून ओगुलगेरेक दोन दिवस कुणाला 'चहा घे' म्हणायचीसुद्धा विसरली होती.

सोळापर्यंतच्या आकड्यांत राहिले फक्त अकरा आणि तेरा. या दोघांना तिच्या आकड्यात जागा नव्हती. तेराचं तिला काही वाटत नसे. तेरा जणींवर एवढा माग कोण चालवतंय. पण अकरा सलायचा, कारण बावीसच्या पोटात अकरा येतो. बावीस जणींत दहा हजार ऐंशी वाटले की प्रत्येकीला चारशे अठ्ठावन्न, आणि वर चार.

आता मागावर एकवीस जणी होत्या. मायसा बसली तर बावीस.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. आतलं कारण निराळं होतं आणि ते अक्नाबातला चांगलं ठाऊक होतं. मायसा नदीच्या वरच्या अंगाची, सारिक लोकांतली. सारिक बाया गाठ मारताना लोकर उभ्या दोन्ही धाग्यांना गुंडाळतात. इकडच्या टेके बाया एकाच धाग्याला पुरती गुंडाळून दुसऱ्याच्या मागून नुसती काढतात, म्हणून टेके गालिच्याची लव एका अंगाला झुकते, उजेडात एका रंगाची दिसते. मधेच एका पट्ट्यात सारिक गाठ आली तर मेंढीच्या अंगावर बोकडाचं ठिगळ लावल्यासारखं दिसायचं. पण पोराची बायको आहे, तोंडावर असं कसं म्हणायचं? मग आकड्याला पुढं केलं. आकड्याला काय, कुणीही पुढं करावं.

आता मात्र गोष्ट गळ्याशी आली होती. मायसाच्या बापाचा निरोप आला होता. तिकडच्या शेडमध्ये जागा आहे, पोरीचे हात लोकर धुऊन धुऊन सोलून निघालेत, बाजाराच्या दिवशी ट्रक पाठवतो, हिवाळा इकडंच काढू दे. ओराझनं आपले गुडघ्यापर्यंतचे बूट तेल लावून दाराशी ठेवले. तिकडंही कालवा होताच. ओगुलगेरेकनं ते बूट पाहिले आणि समजली. सून गेली की तिच्या मागोमाग पोरगा जाणार, आणि घरात उरणार ती, चहाची किटली आणि सात कोटींचा आकडा. तो कुणाला सांगायचा? किटलीला?

तरी ती 'बस मागावर' म्हणाली नाही. एकदा बोललेलं गिळायचं म्हणजे घोड्याच्या तोंडातला लगाम काढून स्वतः चावण्यासारखं.

अशात तुवाकबीबीच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा सांगावा आला.

तुवाकबीबी ओगुलगेरेकची थोरली जाऊ. थोरलीला नावानं हाक मारायची नाही, गेल्नेजे म्हणायचं. ओगुलगेरेक मागाच्या डाव्या टोकाला बसायची, तुवाकबीबी उजव्या टोकाला. ती जागा सोडायला ती कधी तयार नसे. वाटणी बदलली, बाया इकडच्या तिकडं सरकल्या, तरी ही आपली कोंबडी अंड्यावर बसावी तशी तिथंच. आणि हातही असा चालायचा की दरेक ओळीला हिचं 'झाली!' सगळ्यांच्या आधी. "वय झालं तरी बोटं बघा," असं वर ऐकवायची.

ती गाठोडं उचलून निघताना म्हणाली, "माझी जागा रिकामी ऱ्हाऊ दे. कुनाला बसवू नगंस. मी दोन दिसांत येते आनि भरून काढते."

"गेल्नेजे, ओळ अर्धी ठिवून वर कशी चढनार? हे काय घराचं छप्पर हाय?"

"मग दोन दीस बंद ठेव माग."

"नातू तुला हुनार आनि बंद माग?"

तुवाकबीबी दारातून दोनदा मागं वळून बघत गेली. नातवापेक्षा जागेचीच काळजी जास्त असल्यासारखी.

वीस जणींत वाटणी करता आली असती. पण वाटणीच्या खुणेचे लाल दोरे मागभर सोडायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा बांधायचे? ओगुलगेरेक विचार करत होती आणि शेडमधल्या सगळ्या बाया तिच्याकडं न बघता दाराकडं बघत होत्या.

"एजे," अक्नाबात गोड आवाजात म्हणाली, "एकवीसला दार हाय म्हनता न्हवं? मग एकविसावी दारातच बसलीया की."

आता आकड्याला पुढं करायला जागा उरली नाही.

"मायसा!" ओगुलगेरेक ओरडली. "हात पूस आनि बस तिथं. दोन दीस. आनि एक बी सारिक गाठ दिसली तर त्याच लोकरीनं तुझी येनी मागाला बांधीन."

मायसानं हात पुसले, चपला दाराशी काढल्या आणि उजव्या टोकाला जाऊन बसली. ओगुलगेरेकनं डावीकडून सुरुवात केली. चारशे ऐंशी गाठी म्हणजे काही एका दमाची गोष्ट नव्हे. लाल, काळी, पांढरी, तपकिरी, बोटं आपोआप रंग बदलतात आणि तोंडं गावाच्या भानगडींना मोकळी राहतात. ओळ संपत आली की एकेकीची हाक येते, झाली, झाली, झाली.

सगळ्यांच्या आधी उजव्या टोकाला फणी वाजली. ठक ठक. बोलता येत नव्हतं म्हणून मायसानं फणी मागाच्या तुळईवर आपटली होती.

"घाई करू नगंस," ओगुलगेरेक इकडून ओरडली. "गाठी गाळल्यास व्हय?"

मायसानं मान हलवली, नाही.

दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. ठक ठक, पहिली.

ओगुलगेरेक उठली. सगळ्या मागाची लांबी चालून सुनेच्या मागं येऊन उभी राहिली. पहिल्यांदा तिनं लव बघितली. हात फिरवला. लव टेकेच होती, अंग झुकवून पडलेली, शेजारच्या पट्टीशी एकजीव. वर्षभर दारातून बघून बघून पोरीनं गाठ उचलली होती. ओगुलगेरेकनं उलट्या हातानं लव पुन्हा एकदा चोळून बघितली, तोंडावर मात्र काही दाखवलं नाही.

"बरी हाय," ती म्हणाली. "पन मोजून दाखवते तुला."

मागाच्या पाठीमागं जाऊन तिनं मायसाची पट्टी बोटानं मोजली. चारशे शहात्तर. पुन्हा मोजली. अक्नाबातला मोजायला लावली.

"चारशे शहात्तर," अक्नाबात म्हणाली.

"चार खाल्ल्यास! कुटं गेल्या?"

मायसा बोलू शकत नव्हती. तिनं सासूचं बोट धरलं. खरोखर धरलं, पोरानं आईचं धरावं तसं, आणि आपल्या ओळीवरून खाली नेलं. तुवाकबीबीच्या ओळींवर. तिथंही चारशे शहात्तर. त्याच्याही खाली, अठ्ठावीस बाया होत्या तेव्हाच्या ओळी. त्या पट्टीत तीनशे साठ हव्या, तिथं तीनशे छप्पन्न. अगदी जमिनीपाशी, पहिल्या ओळीपर्यंत. मग मायसानं ते बोट काठावर ठेवलं. उजव्या काठाला बाहेरची तपकिरी पट्टी सहा गाठींची. आणि मान वळवून डाव्या टोकाकडं बघितलं, जिथं ओगुलगेरेकची स्वतःची जागा होती. तिथली तपकिरी पट्टी दहा गाठींची, हे ओगुलगेरेकला कुणी सांगायला नको होतं.

शेवटी मायसानं काठाच्या जाड दोरीला हात लावला, आणि ओगुलगेरेकच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

गालिच्याच्या दोन्ही काठांना चार-चार उभे धागे एकत्र गुंडाळून दोरी करतात, म्हणजे काठ उसवत नाही. त्या धाग्यांवर गाठी नसतात, म्हणून ते मोजणीच्या वर जादा घ्यायचे. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावायला काढला त्याच दिवशी मायसाला माघारपणातून सासरी परत आणलं होतं. सून दारात आली म्हणल्यावर ओगुलगेरेकला मिठाई उधळायला जावंच लागलं. जाताना मोजणी थोरल्या जावेच्या हाती दिली. थोरलीला 'काठाचे आठ वेगळे धर हां' असं शिकवायचं नसतं, तो अपमान. तिनं शिकवलं नाही. आणि तुवाकबीबीनं ते आठ मोजणीतच धरले. दोन धाग्यांना एक गाठ. आठ धाग्यांच्या चार गाठी.

पुढं वाटणीचे लाल दोरे दरवेळी डावीकडून मोजत बांधले. शेवटचीला जे उरेल ते. ते बरोबरच असणार, कोण मोजतंय?

कुणीतरी हळूच म्हणालं, हरमलचं बी जाळून धुरी द्यावी, मागाला नजर लागली.

"नजर न्हाय लागली," ओगुलगेरेक बाकावर बसत म्हणाली. "गेल्नेजे लागली. चहा आन."

चहा पिताना तिनं मनातल्या मनात आपला आकडा नव्यानं मांडला. दहा हजार शहात्तर. एकवीसनं भागला, सतरा उरले. वीसनं, सोळा उरले. चोवीसनं, वीस. जिथं जावं तिथं दाराला कडी. बहात्तर दारांचा वाडा होता तो, कुणीतरी वीट काढावी आणि सगळी दारं एकदम अडकावीत तसं झालं. सात कोटींतून तीस हजार दोनशे चाळीस गाठी कमी. तीन चौरस गालिचे गेले. आठवड्याची मिनिटं गेली. आणि लग्नाकार्यात मिळून किती माणसांना तिनं चुकीचा आकडा ऐकवला होता!

पण ओगुलगेरेकची हाडं तशी नव्हती. दुसरा कप ओतेस्तोवर तिचा श्वास जागेवर आला. "धागा आता वाढत न्हाय," ती सगळ्यांना म्हणाली. "काठ सहाचा तर सहाचा. नाटकाला आलेला मानूस काठाच्या गाठी मोजत बसला, तर त्याला नाटक आवडलं न्हाय म्हनून समजा. चला, हात चालवा."

दोन दिवसांनी तुवाकबीबी नातू झाल्याची मिठाई घेऊन आली. आपल्या जागेवर मायसा, आणि मायसामागं ओगुलगेरेक कमरेवर हात ठेवून उभी, हे बघितल्यावर तिच्या हातातलं ताट जरा कललं.

"गेल्नेजे, नातू बरा हाय?"

"हाय. गोरा हाय."

"चारशे शहात्तर."

तुवाकबीबीनं ताट खाली ठेवलं. "पहिल्या ओळीलाच कळलं मला," ती म्हणाली. "सांगायला उठले बी हुते. मग म्हनलं, मीच मोजलंय, सांगितलं तर ह्या सगळ्या पोरी हसनार. दुसऱ्या ओळीला म्हनलं, उद्या सांगू."

"आनि तिसऱ्या ओळीला?"

"तिसऱ्या ओळीला बरं वाटाय लागलं गं. चार गाठी कमी म्हंजे चार कमीच की. माझी कंबर बघितलीस का?"

शेड फुटली हसून. अक्नाबात तर बाकावरून खाली सरकली. "वय झालं तरी बोटं बघा!" ती तुवाकबीबीच्या आवाजात म्हणाली, आणि पुन्हा एक लाट आली. तुवाकबीबी रागावली, मग तिलाच हसू आवरेना, मग म्हणाली, "बरं, उठीव आता हिला. माझी जागा मला दे."

मायसा उठली. रुमालाचं टोक दातात, नजर खाली. उद्या बाजाराचा दिवस होता. ट्रक यायचा होता.

अक्नाबातचं हसू थांबलं. "एजे, मारते की मी चार गाठी. दोघी बी बसू द्या."

ओगुलगेरेकच्या तोंडातून सवयीनं निघालं, "किती येळा सांगू? बावीस बसत न्हाईत. चारशे अठ्ठावन्न येत्यात आनि वर चार उ..."

तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

वर चार. ज्या चार गाठींसाठी तिनं वर्षभर सुनेला दाराबाहेर बसवलं होतं, त्या मागावर कधी नव्हत्याच. सून ज्या दिवशी दारात आली त्याच दिवशी त्या गेल्या होत्या. दहा हजार ऐंशीला बावीस चालत नव्हता. दहा हजार शहात्तरला बावीसच चालत होता. वीस ते अठ्ठावीसमधलं दुसरं कुणीच नाही.

ओगुलगेरेक हसली. आधी नाकातून, मग पोटातून. मांडीवर थाप मारून हसली.

"काय झालं?" तुवाकबीबी घाबरली.

"गेल्नेजे, तू थोरली हायस म्हनून पाया पडते, न्हायतर फणी घातली असती," ती म्हणाली. "लाल दोरे सोडा. सगळे. नव्यानं मोजायचं, चारशे अठ्ठावन्न. आनि आता उजव्या टोकाची बी मोजायची!"

दुपारभर दोरे बांधणं चाललं. शेवटचा दोरा बांधून झाल्यावर उजव्या टोकाला उरलेल्या गाठी अक्नाबातनं मोठ्यानं मोजल्या, आणि चारशे अठ्ठावन्नला तिचं बोट काठाच्या दोरीला टेकलं. ओराझ जेवायला येऊन दारात उभा होता. कानामागची पेन्सिल काढून त्यानं भिंतीवर काहीतरी खरडलं.

"आई, नव्या आकड्याला बाराच दारं हायत," तो म्हणाला. "पोटात अकरा हाय, आनि एक दोनशे एकोणतीस. तो लई वंगाळ. कशानंच फुटत न्हाय."

"घरात एक असला लागतोच," ओगुलगेरेक म्हणाली. "आपली गेल्नेजे हाय की. आनि तू, ते बूट दारातनं उचल, मी अडखळून पडंन. उद्या ट्रक आला की त्यात खरबुजं भर आनि व्याह्याला सांग, पोरगी कामात हाय."

नवी ओळ सुरू झाली. सगळं बघायचं म्हणून ओगुलगेरेक उजव्या टोकाला मायसाच्या पाठीशीच उभी राहिली. गाठी पडत गेल्या, हाका येत गेल्या. झाली. झाली. झाली. एक जागा डावीकडं सरकलेल्या तुवाकबीबीचं 'झाली' आज पहिलं आलं नाही, बरंच मधे आलं. मायसानं शेवटची तपकिरी गाठ मारली, सुरीनं लोकर कापली आणि फणी उचलली, तुळईवर आपटायला.

ओगुलगेरेकनं तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं रुमालाचं टोक तिच्या दातांतून ओढून काढलं. वर्षभर चावून ते टोक विरलं होतं. आपल्या गळ्यातलं चांदीचं पदक तिनं सुनेच्या गळ्यात घातलं, घाईघाईनं, उकळत्या दुधाकडं बघत एखादं काम उरकावं तसं.

"बोल," ती म्हणाली. "एकवीस जनी तोंडानं सांगनार आनि बाविसावी ठोकाठोकी करनार, असं चालायचं न्हाय. बोल काय बोलायचं ते. वरसाचं साठलं असंल."

फण्या थांबल्या. तुवाकबीबीनंसुद्धा सुरी खाली ठेवली. मायसानं घसा साफ केला. तिचा आवाज सगळ्यांना वाटला होता त्याहून जाड निघाला.

"एजे," ती म्हणाली, "ओळ तुमच्यापाशी अडलीया. तुमची पट्टी रिकामी हाय. आमी समद्या थांबलोय."

अक्नाबातनं तोंडात रुमाल कोंबला. एकवीस माना डाव्या टोकाकडं वळल्या, जिथं ओगुलगेरेकची जागा तशीच उघडी होती, चारशे अठ्ठावन्न गाठींची, एकही न मारलेली.

"आलीस का लगेच मुकादमकी करायला," ओगुलगेरेक पुटपुटली. पण पाय उचलले, झपाझप मागाची लांबी चालून गेली, बाकावर बसली, लाल लोकर ओढली आणि पहिली गाठ मारली.